थंडीआधीची बांधाबांध

सुतळीचा गुंडा कपाटाच्या माथ्यावर होता. तो काढायला तिनं हात उंच केला आणि शेजारी उभी असलेली ठकी एकदम खाली बसली. बसली म्हणजे मान खांद्यांत ओढून घेतली, डावा हात डोक्यावर आडवा धरला आणि डोळे घट्ट मिटले. सगळं एका दमात. काहीच झालं नाही हे कळल्यावर तिनं एक डोळा उघडला, आईच्या हातातला गुंडा पाहिला आणि पायातला मोजा वर ओढला, जणू मोज्यासाठीच वाकली होती. मोजा चांगला घोट्याच्या वर होता. "काय गं?" तिनं विचारलं. "कुठं काय," ठकी म्हणाली आणि मोज्याकडेच बघत राहिली.

या घरात ठकीवर कुणी हात उगारला नव्हता. नवरा बोटीवर इंजिनं सांभाळायचा, वर्षातला निम्मा काळ समुद्रात. तो घरी असला की लेकीला डोक्यावर घेऊन नाचायचा. आणि ती स्वतः? तिनं मनातल्या मनात सगळे दिवस उलटेपालटे करून पाहिले. ओरडली होती, एकदा ताट आपटलं होतं, पण हात नाही. आणि हे असं खाली बसणं बघून शिकता येत नाही. ते अंगावरच शिकावं लागतं. दिवसभर इस्पितळाच्या क्ष-किरण खोलीत ती परक्या माणसांचे हातपाय उचलून टेबलावर नीट ठेवायची, तेव्हा कुठलं अंग कशाला बिचकतं हे तिच्या बोटांना डोक्याआधी कळायचं. आत्ताही बोटांनाच आधी कळलं. बोटं गार पडली. ती ठकीसमोर उकिडवी बसली, सुतळी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात ठकीला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले. "आजोबा मारतात?" ठकीनं जरा विचार केला. "मी कोंब मोडला होता," ती म्हणाली. विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, आणि होतंही. "कधी?" "परवा. त्याच्या आधी पण. तेव्हा कुंडीतली माती सांडली होती." मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तुला सांगायचं नाही म्हणाले. तुला वाईट वाटेल ना, म्हणून."

"सुतळी आणायला गेलीस की वळायला?" गच्चीतून आजोबांचा, म्हणजे तिच्या बाबांचा, आवाज आला. आवाजात हसू होतं. बाबांच्या विनोदांना लहानपणापासून सगळे हसत. मावश्या म्हणायच्या, काय बाई गोड बोलतो हा माणूस. ती उठली. ठकीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं, पण हात पुन्हा वर गेलाच नाही. ती काचेच्या दारातून गच्चीत गेली आणि दार ओढून घेतलं.

रविवारची सकाळ होती, ऊन होतं, पण उन्हात दम नव्हता. रात्री पारा शून्याखाली जाणार असं रेडिओवर सांगितल्यापासून बाबा गच्चीतच होते. आई गेल्यानंतर ते इथं आले ते दोन ट्रंका आणि टेम्पोभर कुंड्या घेऊन. सगळ्यात वरचा मजला, दक्षिणेची गच्ची; दादाचं घर मोठं असूनही ते इथं आले, कारण दादाकडे ऊन येत नव्हतं. जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेला. बोटं अजून चिमट्यासारखी बारीक आणि अचूक. त्या बोटांनी ते कृष्णकमळाचा वेल जाळीवरून सोडवत होते. एकेक तणावा जाळीच्या तारेला स्प्रिंगसारखा वेढे घालून बसलेला. तो तोडला तरी चाललं असतं, पण बाबा नखानं त्याचा शेवट शोधत आणि उलटा फिरवत फिरवत तो मोकळा करत, बाळाच्या मुठीतून आईचे केस सोडवावेत तसा. "धर," ते म्हणाले. तिनं धरलं. "ताण देऊ नकोस. याला आता झोपवायचं, भिंतीच्या कडेनं. भिंत दिवसाचं ऊन धरून ठेवते. मुळाशी पाचोळा, वर गोणपाट. प्लॅस्टिक पानाला टेकता कामा नये, टेकलं की तिथं पान जळतं." हे सगळं तिला पाठ होतं. पाणी आधीपासून तोडायचं, कारण ओल्या मुळाला थंडी लवकर धरते. छाटणी आता करायची नाही. छाटलं की नवा कोंब फुटतो आणि पहिल्या थंडीत आधी तोच मरतो. काळी पडलेली पानंसुद्धा काढायची नाहीत, तीच खालच्या डोळ्यांवर पांघरूण होतात. तिला जगातलं जे काही आधी कळलं ते असं कळलं होतं, बाबांच्या शेजारी उकिडवं बसून, मातीच्या वासात. आणि आत्ता ठकीचं वाक्य कानात असताना तिचे हात मुकाट्यानं काम करत होते. विचारायचं आहे, विचारायचं आहे, असं ती स्वतःला बजावत होती आणि हात गोणपाटाला गाठ मारत होते. "वा, गाठ विसरली नाहीस," बाबा म्हणाले, आणि तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली.

बाबांनी तिला कधीच मारलं नव्हतं, चापटसुद्धा नाही. दादाला क्वचित, आणि आईला. तेव्हाचं घर तळमजल्याचं होतं, मागं फरसबंद अंगण आणि अंगणात बोगनवेल, कुंडीतली, काठीच्या आधारानं चढवलेली. थंडीत रात्री तिला पांघरूण घालायचं आणि दिवसा उन्हात काढायचं, नाहीतर आत घाम धरून ती कुजते. एकदा आईला ताप होता. तिनं सकाळी पांघरूण काढलं आणि संध्याकाळी घालायला विसरली. दुसऱ्या दिवशी वेल उकडल्यासारखा लोंबत होता, पानं काळी, देठ पाणी सुटलेले. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी वेलाच्या गाठी एकेक करून सोडवल्या, सुतळीचे तुकडे नीट गुंडाळून खिशात ठेवले, कुंडीतली काठी सरळ वर उपसून काढली आणि लोंबणारा सगळा वेल लहानग्या लेकीच्या दोन्ही हातांत दिला. "धर. पडू देऊ नकोस. बुडाशी अजून जीव आहे." मग काठी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. ती वेल धरून उभी राहिली. वेलाला काटे होते. ते तळव्यात रुतत होते, पण ती हलली नाही, कारण बुडाशी जीव होता. आतून आवाज येत होता, ओरडण्याचा नाही, नुसता आपटण्याचा, मध्येमध्ये थांबून. ओल्या गादीवर मारावं तसा. आई तोंडातून ब्र काढत नव्हती. नंतर बाबा बाहेर आले, काठी फडक्यानं पुसली, जुन्या भोकात बरोबर खोवली, तिच्या हातातून वेल घेतला आणि पुन्हा बांधला. तिचे तळवे पाहिले, हळूच काटे काढले, फुंकर घातली. "शाबास," ते म्हणाले. आईचा हात तेव्हापासून सरळ झाला नाही. इस्पितळात कुणी नेलं नाही, कुणी विचारलं नाही. गल्लीतल्या बाया आईला म्हणायच्या, बागेचं वेड असलेला नवरा मिळायला नशीब लागतं. बोगनवेल मात्र उन्हाळ्यात अशी फुलली की माणसं रस्त्यात थांबून बघायची.

हे तिला आठवत नव्हतं असं नाही. ते सतत कुठंतरी होतंच, घरातल्या जुन्या जड सामानासारखं. त्याला वळसा घालून जायची पायांना सवय झाली होती. म्हातारपणी माणूस बदलतो असं तिनं ठरवून टाकलं होतं. तसा तो बदललाही होता. आवाज मऊ झाला होता, ठकीला बशीत बी भिजवून कोंब कसा फुटतो ते दाखवायचा. शाळा सुटल्यापासून तिची इस्पितळातली पाळी संपेपर्यंत घरी कोण असणार हा प्रश्न सुटला होता. आपण किती सोयीनं सगळं मानून घेतलं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच वेळी तिच्या हातांनी दुसरी गाठ मारली.

"आता लिंबू," बाबा म्हणाले. लिंबाची कुंडी सगळ्यात मोठी, दोन माणसांनाही न उचलवणारी. जमिनीची थंडी बुडातून चढू नये म्हणून तिच्याखाली विटा सारायच्या होत्या. रीत नेहमीची: एकानं लाकडी दांडा कुंडीच्या बुडाखाली घालून तरफेसारखा दाबायचा, कुंडी एका बाजूनं उचलली की दुसऱ्यानं वीट आत सरकवायची. ती दांड्यावर ओणवी झाली. कुंडी कुरकुरत वर आली. बाबांनी गुडघे टेकले, वीट आत घातली, आणि ती अडली म्हणून तिच्यामागोमाग हात आत घातला, मनगटापर्यंत.

"बाबा, ठकीला मारलंत तुम्ही?"

"दांडा नीट धर."

"मारलंत?"

"जरा अजून वर. वीट आडवी येतेय." मग गाल जमिनीजवळ नेऊन आत बघत ते म्हणाले, "मारलं काय म्हणतेस. चापट दिली. हात फार चालतो तिचा. कृष्णकमळाचे नुकते फुटलेले कोंब खुडले, पुस्तकात ठेवायला म्हणे."

"किती वेळा?"

"मोजतं कोण."

तिचे दंड थरथरायला लागले. कुंडीचं सगळं वजन दांड्यातून तिच्या खांद्यांत आलं होतं, आणि कुंडीखाली त्यांचा हात होता. त्या हातातलं एकूण एक हाड तिला नावानिशी ठाऊक होतं. काळ्या पडद्यावर ती पांढरी बोटं ओळीनं मांडलेली दिसली, आणि मग तीच चुरलेली, तुकड्यांची रांग. काही करायला नको होतं. फक्त करायचं थांबायचं होतं. हात सैल सोडायचे. नंतर सांगता आलं असतं, दांडा निसटला. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. त्या थंडीत तिला घाम फुटला होता. ती धरून राहिली. वीट बसली. बाबांनी हात बाहेर काढला, झटकला आणि म्हणाले, "हं, सोड आता. हळू." तिनं हळू सोडलं. कुंडी विटेवर टेकली तशी तिच्या अंगातली ताठ झालेली प्रत्येक शीर सैल पडली, आणि वाटलं, गेलं. जे होणार होतं ते आलं आणि अंगावरून निघून गेलं. आता शांतपणे बोलता येईल. खरोखरच ती शांत आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही दादाकडे राहायला जा. मी त्याला आजच फोन करते."

"दादाकडे?" त्यांना हसू आलं. "त्याच्याकडे ऊन कुठं येतं?" त्यांनी गुडघ्यावरची माती झाडली, पण उठले नाहीत, खालची पानं उलटून किडीची अंडी शोधत बसले. "फुगून बसलीस होय? तुझी आई पण अशीच. चार दिवस तोंड फिरवायची, मग यायची ताळ्यावर. ठकी पण येईल. मऊ आहे अजून. आत्ताच वळवली की वळेल."

वेलाबद्दल बोलायचे त्याच आवाजात ते बोलले होते. दांडा वर गेलेला तिला कळला नाही, खाली आलेला कळला. पहिला फटका कुंडीच्या काठावर बसला आणि मातीचा टवका उडाला. बाबांनी वळून पाहिलं आणि डावा हात आपोआप आडवा वर धरला. दुसरा त्या हातावर बसला. आवाज झाला, कोरडा, लहानसा. तिसरा खांद्यावर. "ऊठ," ती म्हणत होती, "ऊठ! ऊठ म्हणते ना तुला! वळव ना मला! वळव!" जन्मात पहिल्यांदा ती बापाला अरेतुरे करत होती आणि ते शब्द तोंडात गरम लागत होते. बाबा लिंबाच्या फांद्यांत कलंडले. चौथा पाठीवर बसला, आणि त्याच्याआधीच्या क्षणात, हात पुरता वर गेलेला असताना, तिला फार बरं वाटलं. बधिर झालेल्या पायात रक्त परत यावं तसं. हे तिला नंतर कुणालाही सांगता येणार नव्हतं, पण खरं होतं: बरं वाटलं, आणि अजून हवं होतं. बाबा ओरडत नव्हते. "अगं, लिंबू," एवढंच म्हणाले, "फांदी मोडेल."

तिनं पाचव्यासाठी हात उचलला आणि समोर काचेचं दार होतं. दाराच्या आत ठकी उभी होती, नाक काचेला लावून. श्वासानं काच धुरकटलेली. ती रडत नव्हती. आईनं आपल्याकडे बघितलं हे कळल्यावर तिनं टाचा उंचावल्या, वरची कडी सरकवली, मग खाली वाकून खालचीही सरकवली. नीट, दोन्ही. मग मागे मागे जात खोलीच्या आतल्या दारापर्यंत गेली.

"ठकी, उघड बाळा." दांडा अजून हातात होता. तिनं तो टाकला. तो फरशीवरून गडगडत गेला त्या आवाजानं ठकी दारामागं दिसेनाशी झाली. तिनं काचेवर थाप मारली, आणि थाप मारणारा आपला तळवा ठकीला आतून कसा दिसत असेल हे मनात येऊन हात काढून घेतला. "उघड ना गं. काही नाही करणार." थोड्या वेळानं बाहेरचं, जिन्याचं दार उघडल्याचा आवाज आला.

मग गच्चीत दोघंच उरली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, तोंड पांढरंफटक, दात वाजत होते. हात मांडीवर ठेवलेला, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये नको तिथं उंचवटा आला होता. तिच्यातला राग एकाएकी ओसरला नाही. तो तिथंच उभा होता, आणि त्याच्या शेजारून ती कामाला लागली. बांबूचा तुकडा घेतला, हाताखाली ठेवला, सुतळीनं बांधला. त्यांच्या अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून नुकतंच बांधलेलं कृष्णकमळावरचं गोणपाट सोडायला लागली. "वेलाचं काढू नकोस," बाबा म्हणाले. तिनं काढलं. त्यांच्या खांद्यांभोवती गुंडाळलं, छातीशी गाठ मारली. त्यांचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर होतं. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, कोंब फुटलाय का बघावं तसं, आणि दात वाजत असतानाच त्यांचे ओठ फाकले. "दादात नव्हतं कधी," ते म्हणाले. "तो आईवर गेला. तू शेवटी माझीच." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. चारही फटके तिला एकदम परत बसले. ती उठली आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कठड्यावर वाकली. पोटात होतं नव्हतं ते ओकली.

गच्चीचं दार समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशींनी आतून उघडलं. त्या लोकांचे कपडे शिवायच्या. गळ्यात मोजपट्टी तशीच होती आणि ओठांत टाचणी. ठकी त्यांच्या झग्याला मागून धरून उभी होती. "अगंबाई," एवढं म्हणताना टाचणी खाली पडली. त्यांनी बाबांचा हात पाहिला, मग फरशीवरचा दांडा, मग तिला. "पोरीला मी नेते," त्या म्हणाल्या. "तू यांना बघ. गाडी बोलाव." आणि जाताना, हळू आवाजात, "तोंड धू गं बाई."

इस्पितळ तिचंच होतं. त्या दिवशी पाळीवर असलेल्या सहकाऱ्यानं बाबांचा हात टेबलावर ठेवला. ती पहिल्यांदाच काचेच्या या बाजूला, पेशंटच्या माणसांसारखी उभी होती. चित्र आलं. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेलं, दुसरं धड. माणूस पडतो तेव्हा तळहात टेकतो आणि मनगट मोडतं. हे असं हाड मोडतं ते हात तोंडासमोर आडवा धरल्यावर. असे हात तिनं या टेबलावर किती ठेवले होते, बहुतेक बायकांचे. त्या म्हणायच्या, पडले. ती म्हणायची, हलू नका. आणि चित्र काढून वर पाठवायची. आईच्या हाताचं चित्र कुणी काढलं नव्हतं, पण ते तिनं त्या सगळ्यांत पाहिलं होतं आणि दर वेळी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.

हाडांचे डॉक्टर तिच्या ओळखीचे, जेवणाच्या सुट्टीत एकाच टेबलावर बसणारे. त्यांनी चित्र उजेडासमोर धरलं. "काय झालं काका?"

"कुंडी सरकवताना पडलो," बाबा लगेच म्हणाले. "या वयात नाही ते उद्योग." डॉक्टर हसले. बाबा लोकांना असंच हसवायचे. डॉक्टरांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं, हसू जरा कमी झालं, आणि त्यांनी तिच्याकडे नजर टाकली. प्रश्न नव्हता त्या नजरेत. वाट मोकळी करून दिली होती. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"पडले नाहीत," ती म्हणाली. "मी मारलं. दांड्यानं."

डॉक्टरांनी पेनाला टोपण घातलं. "तुम्ही दमला आहात. बाहेर बसा जरा."

"लिहा तुम्ही."

"मी लिहिलं तर पुढं कळवावं लागेल. तुम्हाला ठाऊक आहे."

"कळवा. आणि त्यांनी माझ्या मुलीला मारलंय, बऱ्याच वेळा. आईला जन्मभर मारलं. तेही लिहा."

"गप्प बस!" बाबा ओरडले. मार खाताना ओरडले नव्हते, हाड मोडलं तेव्हा ओरडले नव्हते. आत्ता त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि धड असलेला हात उगारला गेला. मधे टेबल होतं. "घरातलं घरात ठेवायची अक्कल नाही तुला? चव्हाट्यावर मांडतेस? खुळी आहे ही, डॉक्टर, हिचं ऐकू नका, नवरा नसतो घरी, डोकं फिरलंय..." ती हललीसुद्धा नाही. त्यांचा उगारलेला हात हवेत तसाच राहिला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी तो हात धरून खाली आणला आणि पेनाचं टोपण काढलं.

पुढचं सगळं खुर्च्यांवर बसून झालं. एक पोलीस बाई आल्या, साध्या कपड्यांतल्या, सर्दी झालेल्या. रुमाल नाकाला लावून ऐकत होत्या. त्यांनी एकदाही मान डोलावली नाही, एकदाही तिला थांबवलं नाही. उद्या घरी येऊन ठकीशी बोलू म्हणाल्या, आणि तोवर गाव सोडू नका. वय झालेलं म्हणून बाबांना इस्पितळातच ठेवून घेतलं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "मी येतो, घेऊन जातो त्यांना," आणि फोन ठेवता ठेवता, "जोरात मारलंस?" त्याच्या आवाजातलं जे काही होतं ते तिला नको होतं. तिनं फोन बंद केला.

ती परतली तेव्हा दिवस मावळत होता आणि हवेला धार आली होती. मावशींच्या घरात ठकी कापडाच्या चिंध्यांच्या ढिगात बसून बटणं रंगाप्रमाणे लावत होती. मावशी मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं. ती उंबऱ्याच्या अलीकडेच, जिन्यात, जमिनीवर बसली.

"आजोबांचा हात तुटला?" ठकीनं वर न बघता विचारलं.

"हो."

"तू तोडलास."

"हो."

"जोडतील?"

"जोडतील. ते आता इथं राहणार नाहीत. मामाकडे जातील. तुला कधी भेटायचं नसेल तर नको भेटू."

ठकीनं एक निळं बटण हिरव्यांत ठेवलं, मग काढलं. "आणि तू?"

कधीच नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. शब्द अगदी तयार होता. पण दंडात अजून ते होतं, हात पुरता वर गेलेला असतानाचं ते. आणि ते तिथं असताना हा शब्द तिला काढवेना. "मला तुझ्यावर हात उगारायचा नाही," ती म्हणाली. "आज आजोबांवरही उगारायचा नव्हता, तरी उगारला. म्हणून मी तिथं सगळ्यांना सांगून आले. उद्या एक बाई येतील, तुला विचारतील. तू खरं असेल ते सगळं सांग."

"तुझं पण?"

"माझं पण."

मावशींनी उगाच मशीनचं चाक हातानं फिरवलं. मग ठकी म्हणाली, "आज मी मावशींकडे झोपते."

"बरं," ती म्हणाली. "उशी आणून देते."

घर गार पडलं होतं. गच्चीचं दार सकाळी उघडलं होतं ते तसंच राहिलं होतं. बाहेर भिंतीच्या कडेला कृष्णकमळाचा वेल उघडा पडला होता. त्याचं गोणपाट बाबांबरोबर इस्पितळात गेलं होतं. पानांच्या कडा आत्ताच वळायला लागल्या होत्या. पलंगाखाली अजून एक पोतं होतं, तिला ठाऊक होतं. तिचे हात तिकडे जायला निघालेही. तिनं काचेचं दार लावलं, ठकीची उशी घेतली, झोपायचा झगा घेतला आणि बाहेर आली.

मावशींचं दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं नाही, नुसती उभी राहिली. ठकीनंच आतून अर्धं उघडलं, उशी घेतली, झगा घेतला. तिनं आधी आईच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"सकाळी ये," ती म्हणाली. "पण आधी दार वाजव."

"वाजवते."